जिन्याचा टॉवेल आणि माझी रताळी

आमच्या जिन्यात विजेपेक्षा टॉवेलला जास्त मान आहे. हे वाक्य मी वर्गात म्हटलं तेव्हा सगळे हसले, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. इमारत जुनी, आतल्या तारा तिच्याहून जुन्या, आणि अख्ख्या जिन्याला मिळून तळमजल्यावर एकच मेन फ्यूज. दिवे, पंखे, टीव्ही एवढं तो निमूट सोसतो. एखाद्या घरात इस्त्री किंवा गिझर लागला तरी ओढतो. दुसऱ्या घरात लागला तर कण्हतकुंथत ओढतो. तिसऱ्या घराने बटण दाबलं की मान टाकतो.

म्हणून फार पूर्वी कुणा शहाण्या माणसाने तोडगा काढला. जिन्यात एकच लाल टॉवेल ठेवायचा. तो तळमजल्यावरच्या खुंटीला असतो. ज्याला काही तापवायचं असेल त्याने खाली जायचं, टॉवेल आणायचा, आपल्या दारासमोर कठड्यावर टाकायचा आणि मगच बटणाला हात लावायचा. काम झालं की टॉवेल परत खुंटीला. ज्याच्या हाती टॉवेल, त्याची वीज. या टॉवेलने आजवर कुणाचं अंग पुसलेलं नाही. त्याने फक्त कठड्यावर बसून राज्य केलेलं आहे.

आणि या राज्याचे प्रधान म्हणजे पहिल्या मजल्यावरचे सेक्रेटरी काका. सोसायटी आहे म्हणून ते सेक्रेटरी झालेले नाहीत, ते सेक्रेटरी आहेत म्हणून आमची सोसायटी आहे.

आता माझ्याविषयी. मागच्या वर्षापर्यंत मी हजेरीला इतक्या हळू ‘हजर’ म्हणायचे की बाई गैरहजेरी मांडायच्या. मी वर्गात बसून गैरहजर असायचे. या वर्षी काय झालं कुणास ठाऊक, एक दिवस प्रार्थनेनंतर मी उभी राहिले आणि मुख्याध्यापिकांना सगळ्यांसमोर विचारलं, की मुलींच्या बाजूच्या नळाला पाणी का नसतं. दुसऱ्या दिवशी पाणी आलं. तेव्हापासून मला कळलं की बोललं की होतं. आई म्हणते, पाणी नळाला आलं आणि पूर हिच्या तोंडाला.

त्या पुराचाच परिणाम म्हणून वादविवादाच्या शिबिरासाठी शाळेने माझी निवड केली. परक्या शहरात, वसतिगृहात राहून, दहा दिवस. शाळेतून एकटी मी. पालकांची सही सोमवारी द्यायची होती. बाबांचा प्रश्न नव्हता. त्यांची दुसरी पाळी असते, ते घरी येतात तेव्हा मी झोपलेली असते, आणि आईने सही केली की तिच्या खाली ते डोळे मिटून सही करतात. प्रश्न आईचा होता.

“दहा दिवस?” आई म्हणाली. “तुला स्वतःचं पांघरूण घडी करता येत नाही.”

“तिथे पांघरुणांची स्पर्धा नाहीये.”

“आणि जेवायचं काय?”

“मेस आहे ना.”

“मेस एखाद दिवशी बंद असली तर?”

“तर मी करून खाईन.”

इथे चूक झाली. वादविवादाचा पहिला नियम म्हणजे समोरच्याच्या हातात काठी द्यायची नाही. मी काठी दिली, वर तिला तेल लावून दिलं.

आईने खांद्यावरची पर्स खुर्चीवर ठेवली. “बरं. मग करून दाखव. शनिवारी मी सातला येते. एक पदार्थ, तू एकटीने केलेला, ताटात पाहिजे. आणि जिन्यातून माझ्याकडे एकही तक्रार आली नाही पाहिजे. एक जरी आली, तरी त्या शिबिराचं नाव काढायचं नाही.”

“तक्रार कशाला येईल?”

“तू आहेस ना,” आई म्हणाली.

हे मला लागलं. इतकं लागलं, की वरणभात म्हणायचं सोडून माझ्या तोंडून निघालं, “रताळ्याच्या फ्राइज करीन. ओव्हनमध्ये भाजून. वर लसणाचं दही, कांद्याची पात, चीज आणि तीळ.” सकाळीच फोनवर पाहिलं होतं. शिवाय घरात रताळी होती. डॉक्टरांनी आईला रताळी खा म्हणून सांगितलं होतं, आईने पिशवीभर आणली, एक दिवस उकडली, आणि तेव्हापासून उरलेली टोपलीत बसून कोंब काढत होती.

“ओव्हन,” आई म्हणाली आणि गालातल्या गालात हसली. ते हसू मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. ओव्हन म्हणजे टॉवेल.

शनिवारी दुपारी आई कामावर गेली. मी आधी ओव्हन रिकामा केला, कारण आमच्या ओव्हनमध्ये कढया राहतात. बाबांच्या कंपनीच्या सोडतीत तो लागला, तेव्हापासून त्याने कढयांखेरीज फारसं काही पोटात घेतलेलं नाही. मग मी टॉवेल आणायला खाली गेले. खुंटी रिकामी होती.

मान वर करून जिन्याच्या पोकळीतून पाहिलं. टॉवेल आमच्याच दुसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरच्या दारापाशी लटकत होता. म्हणजे माझ्या नाकासमोर. उत्साहात मी त्याच्या शेजारून पळत खाली आले होते.

समोर मशीनवाल्या मावशी राहतात. त्या कपडे शिवतात. तीन दिवस आभाळ भरलेलं होतं, कुणाचेच कपडे वाळत नव्हते, आणि मावशी गिऱ्हाइकांचे ओलसर कपडे इस्त्रीने वाळवत होत्या. खोलीत भट्टीसारखी वाफ.

“मावशी, अजून किती वेळ?”

“एवढे दोन झगे झाले की सुटले. तुला कशाला हवाय?”

“रताळी करायचीत.”

“त्याला टॉवेल कशाला? उकड, मीठ लाव, खा.”

“उकडायची नाहीत मावशी, भाजायचीत.”

“मग गॅसवर भाज.”

“तशी नाही. फ्राइज करायच्यात.”

“मग तळ.”

“तळायच्या नाहीत. ओव्हनमध्ये भाजायच्या.”

मावशींनी इस्त्री उभी केली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “म्हणजे नाव तळलेल्याचं आणि तळायचं नाही. हे शाळेत शिकवतात का?”

तरी मावशी मनाने चांगल्या. झगे झाल्यावर त्यांनी टॉवेल कठड्यावरून काढला आणि माझ्या हातात देणार, तेवढ्यात जिन्यातून सेक्रेटरी काका वर आले. त्यांचं टायमिंग देवाने दिलेलं आहे.

“हातोहात नाही,” काका म्हणाले.

“अहो काका, समोरासमोर तर दारं आहेत.”

“दारं समोरासमोर आहेत, खुंटी खालीच आहे. टॉवेल खुंटीवर गेला पाहिजे आणि खुंटीवरून उचलला गेला पाहिजे. आज समोरासमोर दिलात, उद्या लोक वशिल्याने गिझर लावतील. कशासाठी हवाय?”

“ओव्हन.”

“किती वेळ?”

“साधारण पाऊण तास.”

“साधारण हा शब्द फ्यूजला कळत नाही,” काका म्हणाले. मग कठड्याला हात लावून, आवाज खाली आणून, “आई घरी नाही वाटतं?”

“सातला येईल.”

“भेटतोच मग त्यांना,” काका म्हणाले आणि गेले. मी काय काय केलं ते आठवून पाहिलं. काही केलेलं नव्हतं, तरी पुन्हा आठवून पाहिलं.

मावशींचे गुडघे दुखतात, त्यामुळे टॉवेल खुंटीपर्यंत पोचायला वेळ लागणार होता. तो वाया घालवू नये म्हणून मी रताळी धुवायला घेतली. बाथरूमच्या नळाचं पाणी छान कोमट होतं, गच्चीवरची टाकी तापली असेल, माती पटकन सुटली. मी स्वतःवर खूश झाले. रताळी टोपलीत घालून ओट्यावर ठेवली आणि खाली गेले. खुंटी पुन्हा रिकामी.

खुंटीला लागून मास्तरांचं दार आहे. मास्तर निवृत्त आहेत, एकटे राहतात, आणि त्यांना रोज पाय शेकायला गरम पाणी लागतं. टॉवेल त्यांच्या दारासमोर होता. आत बादलीत पाणी तापवायचा रॉड गुरगुरत होता.

“मास्तर, तो टॉवेल माझ्यासाठी ठेवला होता.”

“खुंटीवर होता,” मास्तर म्हणाले. “खुंटीवरचा टॉवेल सगळ्यांचा. मी काही चोर नाही, मी खुंटीचा शेजारी आहे. बस. पाणी तापेपर्यंत तुझं भाषण ऐकतो. शिबिराला चाललीस ना?”

“अजून नक्की नाही. मला घाई आहे मास्तर.”

“घाईतच खरी परीक्षा. विषय घे, विजेची काटकसर.”

रॉड त्यांचा, टॉवेल त्यांच्याकडे, काय करणार. मी बादलीसमोर उभी राहून विजेच्या काटकसरीवर बोलले. एक डोळा भिंतीवरच्या घड्याळावर होता. बोलता बोलता मला दिसत होतं की आई बसमध्ये बसते आहे, आई उतरते आहे, आई जिना चढते आहे, आणि ताटात कच्चं रताळं आहे. शेवट जरा गडबडीतच झाला.

मास्तरांनी बादलीत बोट बुडवलं. “पाणी गरम झालं,” ते म्हणाले, “भाषण कोमट. घेऊन जा टॉवेल.”

मी तो त्यांच्या देखत खुंटीला टांगला, खुंटीवरून काढला, आणि पळाले.

टॉवेल आमच्या दारासमोर कठड्यावर पडला तेव्हा मला झेंडा फडकवल्यासारखं वाटलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या ताई खाली डोकावल्या. त्या एका ऑफिसात नोकरी करतात आणि त्यांचे केस कमरेपर्यंत आहेत.

“अगं, तू किती वेळ घेणार? मला सातला बाहेर जायचंय, केस ओले आहेत.”

“वाऱ्यावर वाळवा ना ताई.”

“वारा कुठाय?” ताई म्हणाल्या. ते खरं होतं. पण वारा पुरवणं हे काही माझं काम नव्हतं.

आता रताळ्यांकडे वळते. व्हिडिओमधल्या बाईने रताळ्यात सुरी अशी घातली होती जशी लोण्यात घालतात. आमचं रताळं तसं नव्हतं. सुरी मध्यापर्यंत गेली आणि अडकली, पुढेही जाईना, मागेही येईना. रताळ्यासकट सुरी उचलून मी ओट्यावर आपटली. समोरून मावशी ओरडल्या, “काय पडलं गं?” मी म्हटलं, “काही नाही मावशी, चिरतेय.” तक्रारीची पहिली चाहूल. त्यानंतर मी प्रत्येक रताळं मांडीवर उशी घेऊन, उशीवर पाट घेऊन, आवाज न करता चिरलं. काही तुकडे पेन्सिलीसारखे झाले, काही खडूसारखे, आणि एकाचा आकार मी इथे सांगणार नाही.

मग ते पाण्यात भिजवायचे, आणि मग कोरडे करायचे. अगदी कोरडे. ती बाई तीनदा म्हणाली होती, की थेंबभर पाणी राहिलं तर फ्राइज लेच्यापेच्या होतील. मी तिचं ऐकलं. घरातली दोन्ही हातपुसणी, ओट्याचं फडकं, भांड्यांचं फडकं, आईचा स्वयंपाकाचा एप्रन, माझा नॅपकिन, सगळं वापरलं. फ्राइज ठणठणीत कोरड्या झाल्या. घरातलं बाकीचं सगळं ओलं झालं. याचा पुढे काय परिणाम होणार हे त्या बाईने सांगितलं नव्हतं. तिच्याकडे बहुतेक कपाटभर फडकी असतील.

कॉर्नफ्लोअर, तेल, मीठ, मिरपूड लावून मी तुकडे ट्रेमध्ये मांडले. एकमेकांना चिकटायचे नाहीत, ही आणखी एक अट. ट्रे लहान, तुकडे फार. निम्मे दुसऱ्या खेपेसाठी बाजूला ठेवले. ओव्हन लावला, तापू दिला, ट्रे आत सरकवला आणि समोर स्टूल टाकून बसले. आत पिवळा दिवा, काचेमागे माझी रताळी. दवाखान्याच्या काचेतून नातेवाईक पाहतात तशी मी पाहत होते.

पंधरावीस मिनिटं सगळं सुरळीत झालं. दह्यात लसूण किसून घातला. पात चिरली. तीळ भाजले, तेही न जाळता. चीज किसलं, आणि किसताना त्यातलं बरंचसं तोंडात गेलं, पण तो मजुरीचा भाग. बाहेर अंधारून यायला लागलं. घरभर खमंग वास सुटला होता. मला वाटलं, जमलं. आपल्याला ‘जमलं’ असं वाटतं तो क्षण फार वाईट असतो, हे मला आता माहीत आहे.

तुकडे मध्ये एकदा उलटायचे असतात. मी ओव्हनचं दार उघडलं. कडेचे तुकडे काळपट व्हायला लागले होते, घाई करायला हवी होती. ट्रे धरायला फडकं हवं. फडक्यांकडे पाहिलं. एकजात ओली, आणि ओल्या फडक्याने गरम ट्रे धरला की काय होतं ते मला लहानपणीच कळलेलं आहे. इकडेतिकडे पाहिलं. उशीचा अभ्रा मनात येऊन गेला. मग दारातून मला तो दिसला. जाड, घडी घातलेला, कोरडा, कठड्यावर काहीही न करता बसलेला.

एकच मिनिट, असं मी त्याला म्हटलंसुद्धा. आणि टॉवेल कठड्यावरून उचलून आत नेला.

मिनिटाचं काम होतं, पण तुकडे ट्रेला चिकटले होते. एकेक सोडवावा लागत होता. डाव्या हातात टॉवेलसकट ट्रे, उजव्या हातात उलथनं, कपाळावरून घाम, आणि एका कोपऱ्यातून करपल्याचा वास. मी शेवटची ओळ उलटत होते. तेवढ्यात खालून आवाज आला. फट्.

ओव्हनचा पिवळा दिवा गेला. पंखा थांबला. पलीकडे मावशींचा रेडिओ अर्ध्या गाण्यात गप्प झाला.

मी ट्रे तसाच गरम ओव्हनमध्ये ढकलला आणि दार लावलं. हे मी का केलं माहीत नाही, पण त्या दिवशी मी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच. मग टॉवेल हातात घेऊन तशीच दारात आले, आणि तिथेच माझ्या लक्षात आलं की टॉवेल कुठे असायला हवा होता.

जिन्यात दारं उघडली. मोबाइलचे दिवे वरखाली हलायला लागले. सगळ्यात आधी सेक्रेटरी काकांचा आवाज आला. “टॉवेल कुणाकडे आहे?”

काका वर आले. त्यांच्या मोबाइलचा उजेड रिकाम्या कठड्यावर पडला, तिथून माझ्या पायांवर, तिथून माझ्या हातावर.

“माझ्याकडे,” मी म्हटलं.

“कठड्यावर का नाही?”

“ट्रे धरायला घेतला. एकच मिनिट.”

“एक मिनिट,” काका म्हणाले. “इतकी वर्षं हा टॉवेल काम चालू असताना कुणी कठड्यावरून हलवला नव्हता. येऊ देत तुझ्या आईला. आज मी बोलणारच आहे.”

खालून मास्तर म्हणाले, “शिस्त म्हणून काही आहे की नाही.” समोरून मावशी म्हणाल्या, “मी म्हटलं होतं उकड म्हणून.” वरून ताई म्हणाल्या, “आता मी जाऊ कशी?”

चार घरं, चार तक्रारी. आईला एकच पुरणार होती. माझे डोळे भरून आले. मागच्या वर्षीची मी परत आली होती, ती, हळू आवाजात ‘हजर’ म्हणणारी. शिबिर माझ्यासमोरून जिना उतरून चाललेलं मला दिसत होतं. मी मान खाली घातली. आणि मान खाली घातल्यामुळे मला काकांचे पाय दिसले.

पाय ओले होते. पायांखाली थारोळं साचत होतं. मी हळूच वर पाहिलं. काका बनियनवर होते, खांद्यावर पंचा होता, आणि केसांत साबणाचा फेस. त्या फेसातून, मोबाइलच्या उजेडात अगदी स्पष्ट, वाफ निघत होती.

“काका,” मी म्हटलं, “तुम्ही आंघोळ करत होतात?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“गार पाण्याने?”

काकांनी पंचा केसांवर ओढला.

“कारण गिझरला पाणी तापवायला वेळ लागतो ना,” मी म्हटलं. माझा आवाज आधी कापत होता, मग कापेनासा झाला. “आणि मी टॉवेल काढून फार वेळ झाला नाही. म्हणजे टॉवेल माझ्या कठड्यावर होता तेव्हाच तुमचा गिझर…”

“उन्हाचं पाणी आहे,” काका म्हणाले.

“तीन दिवस ऊन नाहीये,” वरून ताई म्हणाल्या. हे बोलायला त्या कठड्यावरून पुढे वाकल्या, आणि त्यांच्या केसांची एक बाजू ओली, चपटी, तर दुसरी फुगून खांद्यावर पसरलेली दिसली. त्यांच्या हातात केस वाळवायचं यंत्र होतं. त्यांनी ते पाठीमागे नेलं, पण वायर पुढे लोंबतच राहिली.

“ताई,” मी म्हटलं.

“मी आत्ताच लावलं होतं,” ताई म्हणाल्या. “कठडा रिकामा दिसला, मला वाटलं तुझं झालं.”

“मग टॉवेल आणायला खाली गेलात?”

“तीन मजले?”

मावशींनी मध्येच आपल्या दाराचा पडदा ओढून घेतला, पण आतून तापलेल्या कापडाचा वास येतच होता. “मी फक्त कॉलरवर फिरवली,” त्या पडद्याआडून म्हणाल्या. “एका कॉलरने काय होतंय?” मग सगळ्यांनी कठड्यावरून खाली पाहिलं. मास्तर आपल्या दारात उभे होते, लेंगा गुडघ्यापर्यंत वर दुमडून, आणि त्यांच्या मागे बादलीत रॉड अजून हळूहळू सूं सूं करत होता.

“दुसरी बादली,” मास्तर म्हणाले. “पहिली भाषणात निवली.”

मी टॉवेल दोन्ही हातांनी पुढे धरला. “ज्याच्या हाती टॉवेल, त्याची वीज,” मी म्हटलं. “नियम असाच आहे ना काका? माझ्या हातात होता. कठड्यावर नव्हता हे चुकलं, पण होता.”

मग सगळे एकदम बोलायला लागले. मावशी काकांना म्हणाल्या, तरीच तुमच्या घरी कायम गरम पाणी. काका मास्तरांना म्हणाले, खुंटीचा शेजारी म्हणून काय काय चालतं ते मला माहीत आहे. मास्तर ताईंना म्हणाले, केस वाळवणं ही गरज नाही. ताई म्हणाल्या, पायसुद्धा गार पाण्याने धुता येतात. हे कुठे जाऊन थांबलं असतं सांगता येत नाही, पण तेवढ्यात खालचं फाटक वाजलं. त्या चपलांचा आवाज मी झोपेतही ओळखीन.

चार जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मोबाइलच्या उजेडात एक ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं आणि तो मंजूर झाला, एक शब्द न बोलता.

“काय झालं?” आईने पहिल्याच पायरीवरून विचारलं.

“वायरिंग जुनं आहे हो,” काका म्हणाले.

“फार जुनं,” मास्तर म्हणाले.

“कधीतरी व्हायचंच होतं,” मावशी म्हणाल्या. “मुलगी मात्र गुणी आहे तुमची. दुपारपासून आवाज नाही.”

“किती छान वास येतोय,” ताई म्हणाल्या.

आई जिना चढून वर आली, आणि प्रत्येक मजल्यावर जरा जास्तच वेळ थांबून आली. इतकी वर्षं ती या जिन्यात राहते, पण इथे कुणी कुणाची स्तुती केलेली तिने ऐकलेली नव्हती. तिने मोबाइलचा उजेड माझ्या तोंडावर धरला, मग टॉवेलवर. टॉवेलच्या मधोमध ट्रेच्या कडेचा तपकिरी, सरळ डाग उठला होता.

काका फ्यूजची तार बदलायला खाली निघाले. जाता जाता, कुणाकडेही न बघता म्हणाले, “फ्यूज बसवायच्या आधी ज्याने त्याने आपापल्या घरात एकदा बघून घ्या.” सगळे आत गेले. आणि अंधारात एकामागून एक आवाज आले. वरून खट्. समोरून खट्. खालून खट्. शेवटचा आवाज पहिल्या मजल्यावरून आला, तो सगळ्यात हळू.

मी ओव्हनचं बटण बंद केलं आणि ट्रे काढला. या वेळी टॉवेल आईला विचारून घेतला. वीज नव्हती तरी आतली धग होती, तिच्यावर रताळी शिजून गेली होती. ताटात मांडली, वर दही घातलं, पात घातली, तीळ घातले. चीज वितळलं नाही, ते गवतासारखं वर बसून राहिलं. मी ताट आईसमोर ठेवलं. टेबलावर मोबाइलचा उजेड.

आईने एक तुकडा उचलला. खाल्ला. दुसरा उचलला, तो दह्यात बुडवून खाल्ला. माझं सगळं आयुष्य त्या दोन तुकड्यांवर होतं आणि ती सावकाश चावत होती.

“आतून शिजलंय,” ती म्हणाली. “कडेचं जरा जास्त शिजलंय. मीठ बरोबर आहे.”

“म्हणजे झालं ना?”

“एकटीने केलंस?”

“एकटीने. आणि तक्रार पण नाही आली.”

“नाही आली,” आई म्हणाली. तिने टॉवेल ओढून घेतला आणि डागावरून अंगठा फिरवला. “पण टॉवेल तू कठड्यावरून काढलास. त्यामुळे अख्खा जिना अंधारात बसला. ते चौघे का गप्प बसले ते मला माहीत नाही, कारण असेल काहीतरी. पण मी पण याच जिन्यात राहते ना? माझी तक्रार धरायची की नाही?”

वादविवादात असा मुद्दा कुणी काढला तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. न्यायाधीशच फिर्यादी झाला तर आरोपीने जायचं कुठे? मी खुर्चीची कड घट्ट धरली. आई पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडणार, आणि ते वाक्य काय असणार हे मला ऐकू यायला लागलं होतं.

तेवढ्यात लाइट आले.

पंखा फिरला. मावशींचा रेडिओ निम्म्या गाण्यापासून सुरू झाला. आणि आमच्या पलीकडे, अंधाऱ्या बाथरूममध्ये, उघड्या दारातून वरच्या बाजूला, एक छोटासा लाल दिवा लागला.

मी त्या दिव्याकडे पाहिलं. गिझरच्या बटणाला मी दिवसभरात हात लावलेला नव्हता. मला रताळी आठवली, कोमट पाणी आठवलं, पटकन सुटलेली माती आठवली, आणि बिचारी गच्चीवरची टाकी. आईनेही दिव्याकडे पाहिलं. मग तिने पाहिलं की मी पाहते आहे.

“दुपारी गरम पाण्याने पाठ शेकली,” आई फार हळू म्हणाली. “निघायच्या घाईत राहिला असेल.”

“टॉवेल?” मी विचारलं.

आईने आणखी एक तुकडा खाल्ला. बराच वेळ चावला. तो करपलेला होता, तरी संपवला.

“पेन आण,” ती म्हणाली.

तिने सही केली. नेहमीपेक्षा मोठी केली. मग उठली, टॉवेलची घडी घातली, डाग आतल्या बाजूला घेतला, आणि बाहेर जाऊन तो स्वतःच्या हाताने आमच्या दारासमोर कठड्यावर टाकला.

“उरलेली पण भाजून घे,” ती म्हणाली. “चारही घरी दे. चीज नीट वितळू दे.”

मी ट्रे भरायला घेतला. मागून आई बाथरूमच्या दाराशी गेल्याची चाहूल लागली. ती जरा थांबली, रेडिओचा आवाज मोठा होईपर्यंत. तरी मला ऐकू आलंच.

खट्.